पिंजऱ्यातल्या सहा कोंबड्या घरी येताहेत. पहिलीच वेळ आहे, मदत हवी

शेवग्याखाली | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही मढजवळ एरंगळला राहतो. बैठं घर आहे, मागे साधारण पंधरा बाय बारा फुटांचं परसू. त्यात एक शेवगा, दोन नारळ आणि सासूबाईंचा अळवाचा वाफा.

माझ्या मामेसासऱ्यांचं घर पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला. त्यांच्या शेजाऱ्यांचा अंड्यांचा पोल्ट्री फार्म आहे. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मुलीने हट्ट धरला म्हणून शेड बघायला गेलो. एकावर एक तीन थरांचे पिंजरे, एकेका कप्प्यात चार कोंबड्या, आणि त्यातल्या एकीलाही पंख पुरता उघडता येत नव्हता. परतताना मुलगी गाडीत गप्प. मनोर ओलांडल्यावर म्हणाली, "आई, त्यांनी जमीन कधी बघितलीच नाही ना?" ती नऊ वर्षांची आहे. त्या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती बॅच निघणार आहे. ऐंशी आठवडे झाले की अंडी कमी होतात, मग व्यापाऱ्याची गाडी येते. मामांनी शब्द टाकला आणि मालकांनी सहा कोंबड्या आम्हाला द्यायचं कबूल केलं.

माझा अनुभव शून्य. सासूबाई देवगडच्या, लहानपणी त्यांच्या घरी गावठी कोंबड्या होत्या, पण त्या म्हणतात, "आमच्या कोंब्यो आपल्या आपण वाढायच्या, ह्या पिंजऱ्यातल्यांचा माका ठावक नाय." खुराडं केवढं करू, खायला काय, आजारी पडल्या तर जायचं कुठे, आणि पावसात काय? अंड्यांसाठी आणत नाही आहोत हे आधीच सांगते. घातली तर खाऊ, नाही घातली तरी त्या राहतील.

गिरगाव_ते_दहिसर | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

वाचतेय. तुमच्या लेकीला माझ्याकडून एक घट्ट मिठी.

उत्तनची_मावशी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

अगं बाई, आधी खुराडं, मग कोंबडी. माणसं उलटं करतात आणि पहिल्या रात्रीच घात होतो.

आमच्याकडे आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत. इथे कोंबडीचे वैरी तीन: मुंगूस, घूस आणि घार. दिवसा घार आणि मुंगूस, रात्री घूस. शिवाय गल्लीतली कुत्री आणि बोके आहेतच. दुकानात 'कोंबडीची जाळी' म्हणून सहाकोनी पातळ जाळी देतात ती घेऊ नकोस. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेल्या जाड तारेची चौकोनी जाळी घे. महाग पडते, पण एकदाच घ्यायची. आणि ती जमिनीवर नुसती टेकवून थांबू नकोस, फूटभर खाली गाड नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड-माती टाक. घूस खणत येते. एका रात्रीत माझ्या अकरा तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या, गेल्या आहेत, म्हणून इतकं सांगते.

खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पायांवर. आत प्रत्येकीला निदान तीन-चार चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात दहा चौरस फूट मिळू दे. तुझ्या परसात सहा आरामात बसतील, आठच्या वर जाऊ नकोस. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा नाहीतर कुलूप अडकव.

पावसाचा झोडा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून, म्हणजे दर्यावरून येतो. खुराड्याचं तोंड त्या बाजूला ठेवू नकोस. छप्पर दोन्हीकडे हातभर पुढे काढ. वारा मात्र वरच्या अंगाने खेळता पाहिजे. सगळं प्लास्टिकने गुंडाळलंस तर आत अमोनियाचा वास कोंडतो आणि कोंबड्या घरघरायला लागतात. ताडपत्री फक्त पावसाच्या बाजूला, तीही गुंडाळून वर करता येईल अशी.

खाली भाताचा तूस घाल नाहीतर लाकडाचा भुसा, चार बोटं जाड. ओला झाला की त्याच दिवशी काढायचा.

शेडवाला_मावळ | १० फेब्रुवारी, दुपारी २:३०

ताई, मी स्वतः लेयरचा, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचा धंदा करतो, १४ वर्षं झाली, शेडमध्ये पाच हजार पक्षी असतात. तुमचा धागा वाचून जरा वेळ लिहू की नको असं झालं. पण तुम्ही आम्हाला शिव्या न घालता विचारताय, तर मला ठाऊक आहे ते सांगतो.

तुम्हाला मिळतील त्या बहुतेक पांढऱ्या, बीव्ही-३०० जातीच्या असतील. १८ ते २० आठवड्यांना अंड्यावर येतात आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, त्यावरून या पक्ष्याच्या अंगातून काय निघून गेलंय याचा अंदाज करा. अंड्याचं कवच म्हणजे चुना, आणि खाण्यातला कमी पडला की तो हाडांतून जातो. म्हणून बॅच निघताना हाडं ठिसूळ झालेली असतात. पाय धरून उलटी लटकवू नका. दोन्ही हातांनी पंख अंगालगत दाबून, छातीखाली हात घालून उचला. मालकांना सांगून तुम्ही स्वतः पिंजऱ्यातून काढा, गाडी भरणाऱ्या पोरांवर सोडू नका.

आता ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या.

त्यांना वाटीतलं पाणी कळत नाही. आमच्याकडे निप्पलची पाइपलाइन असते, चोचीने टोचलं की थेंब येतो. जन्मभर तेवढंच माहीत. समोर पातेलं भरून ठेवलंत तरी उन्हाळ्यात तहानेने मरू शकतात. येताना मालकांकडून दोन-चार निप्पल मागून घ्या, बादलीच्या बुडाला भोक पाडून बसवा आणि शेजारी भांडंही ठेवा. एकेकीची चोच अलगद पाण्यात बुडवा, नाकपुड्या वर ठेवून. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात.

चोच पुढून कापलेली असेल. सपाट फरशीवरचा दाणा तिला उचलता येत नाही. खाणं चार बोटं खोल भांड्यात द्या.

पहिले पंधरा दिवस खाणं बदलू नका. तोच लेयर मॅश, म्हणजे फार्मवरचं भरड खाद्य, दर पक्ष्याला रोज ११० ते १२० ग्रॅम. पाणी साधारण पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट धरा. दया येऊन भात, पोळी, भाजी घालाल तर पोट बिघडेल. हिरवा पाला तिसऱ्या आठवड्यापासून, चिमूटभर.

आणि उजेड. शेडमध्ये आम्ही सोळा तास दिवा ठेवतो. तुमच्याकडे तो बंद झाला की अंडी थांबतील, पिसं झडायला लागतील. घाबरू नका, तो आजार नाही. तिला पहिल्यांदाच सुट्टी मिळालेली असते.

नीलमोहर | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

मला एक टोचतंय ते मांडते, धागाकर्तीवर रोख नाही. आमच्या इथे एका गटाने चिकनच्या दुकानातून विकत घेऊन कोंबड्या 'सोडवल्या'. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी तितक्याच जास्त मागवल्या. याला सुटका म्हणायचं का?

शेवग्याखाली | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

नीलमोहर, हा विचार आम्हीही केला. दुकानातून विकत घेणं मला पटत नाही, कारण तो पैसा पुढच्या गाडीला जातो. इथे मालक पैसे घेत नाहीत. मामा त्यांच्या घरी आंब्याची पेटी देणार आहेत, तेवढंच. हजारो कोंबड्यांतल्या सहांनी धंद्याला काही फरक पडणार नाही हेही मला माहीत आहे. त्या सहांना पडेल.

शेडवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी छापून स्वयंपाकघरात लावलाय. पाण्याचं कधीच सुचलं नसतं.

शेडवाला_मावळ | १० फेब्रुवारी, रात्री ९:५५

नीलमोहर ताईंचा मुद्दा बरोबर आहे. जागेचं म्हणाल तर २०२३ मध्ये केंद्राने अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नियम केले, त्यात दर पक्ष्याला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा धरली आहे. ए-फोर कागद त्याहून मोठा असतो, जवळपास ६२४. मी माझ्या शेडमध्ये एका कप्प्यातला एक पक्षी कमी केला. लगेच सगळ्यांना परवडेल असं नाही, पण टोचाटोची आणि मरतुक दोन्ही कमी झाली, हे माझ्या वहीत दिसतं.

परळवासी | ११ फेब्रुवारी, रात्री १२:१०

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आजारांबद्दल थोडं.

फार्मवरच्या पक्ष्यांना मानमोडीची लस दिलेली असते. मानमोडी म्हणजे राणीखेत, मान वेडीवाकडी पिळली जाते म्हणून ते नाव. तरीही मालकांकडून लसीकरणाची नोंद मागून घ्या, म्हणजे पुढचा डोस कधी ते डॉक्टरांना ठरवता येईल. आजूबाजूला गावठी कोंबड्या असतील तर नव्यांना तीन ते चार आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. एरंगळला शेजारी नक्की कोणाकडे तरी असतील. त्यांच्याकडे जाऊन आलात तर चपला बदलून, हात-पाय धुऊनच आपल्या खुराड्यात जा.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर हसण्यावारी नेतात. देशातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला. बगळे, कावळे, पाणपक्षी तुमच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचू नयेत, म्हणून खाणं-पाणी छपराखाली ठेवा. एकदम दोन-तीन कोंबड्या दगावल्या तर त्यांना उघडा हात लावू नका. पुरू नका, फेकू नका, आधी पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात कळवा.

कोंबडी आजार लपवते. रोज सकाळी दार उघडताना दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा: कोण शेवटी बाहेर आली, कोणाची शेपटी खाली आहे, कोण पिसं फुलवून डोळे मिटून उभी आहे, तुरा निळसर पडलाय का. आठवड्यातून एकदा वजन करा. ही जात दीड किलोच्या आसपास असते. वजन घसरायला लागलं की बाकी लक्षणं दिसायच्या आधी कळतं.

हात साबणाने धुणं मुलीला पहिल्या दिवसापासून लावा, कोंबडीला मुका नाही. साल्मोनेलाचा, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका खरा आहे. आणि औषध दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

जवळच्या दवाखान्यात कोंबडी बघतात का ते आत्ताच विचारून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण मढहून आजारी पक्षी घेऊन तिथवर यायचं म्हणजे दीड-दोन तास, म्हणून जवळचा कोणी शोधाच.

अकराव्या_मजल्यावरून | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

कांदिवलीला टू बीएचके, चार बाय आठची गॅलरी. दोन कोंबड्या ठेवता येतील का? फार इच्छा आहे.

उत्तनची_मावशी | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

नाही रे बाळा. कोंबडीला माती उकरायला लागते, धुळीत लोळायला लागतं. गॅलरीत ठेवलीस तर तो फक्त मोठा पिंजरा. सुट्टीच्या दिवशी उत्तनला ये, माझ्या कोंबड्यांना दाणे घाल.

परळवासी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

त्याला जोडून: स्टेशनबाहेर, जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ती कृपा करून मुलांना घेऊन देऊ नका. ती बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात, अंडी देत नाहीत म्हणून हॅचरीतून बाहेर काढलेली. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, ती बुटाच्या खोक्यात मिळत नाही.

पाड्यावरचा | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१५

आरेतून लिहितोय. आमच्याकडे मुंगसाच्या जोडीला बिबट्या. मढला तो प्रश्न नाही, पण आरे, येऊर, मुलुंडच्या डोंगराकडेला कोणी हा धागा वाचून कोंबड्या आणणार असेल तर खुराडं घराच्या भिंतीला चिकटून, पक्कं, आणि अंधार पडायच्या आत बंद. कोंबड्यांच्या वासाने बिबट्या दारात आला तर आपल्या पोरांनाही धोका. आरेतच केंद्र सरकारचं कुक्कुटपालनाचं केंद्र आहे, तिथे प्रशिक्षण होतं, चौकशी करून बघा.

शेवग्याखाली | ६ मार्च, रात्री ११:३०

आल्या! सहाही सुखरूप.

ऊन टाळायला संध्याकाळी सहाला वाड्याहून निघालो. दोन प्लास्टिकचे क्रेट, तळाला गोणपाट, प्रत्येकात तीन. एकाच कप्प्यातल्या शक्यतो एकत्र ठेवल्या, दादांनी सांगितल्याप्रमाणे मीच हाताने काढल्या. पहिलीला उचलली तेव्हा हातात नुसती हाडं लागली आणि इतक्या जोरात धडधडणारं काळीज, की मी तिथेच मिनिटभर थांबले. मानेवर आणि पाठीवर पिसं नाहीत, गुलाबी कातडी दिसते. तुरे फिकट आणि एका बाजूला पडलेले. नखं इतकी वाढलेली की पाय सरळ टेकत नाही.

मालक शेवटी क्रेटजवळ आले, म्हणाले, "मी पण एक ठेवली होती एकदा, घरामागे. पाच वर्षं जगली." पुढे काही बोलले नाहीत.

आत्ता खुराड्यात अंधार करून ठेवलंय. मुलगी सांगते की उद्या शाळेत जाणार नाही.

शेवग्याखाली | ८ मार्च, दुपारी १:१०

पहिला दिवस जसा झाला तसा लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

सकाळी दार उघडलं. कोणी बाहेर येईना. तासाभराने एकीने उंबऱ्यावरून पाय खाली टाकला आणि माती लागताच वर ओढून घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा ओढला. असं किती वेळा केलं असेल. सासूबाई अळवाशी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. शेवटी ती उतरली आणि तशीच उभी राहिली, पिंजऱ्यात असते तेवढ्याच जागेत. सगळं परसू मोकळं होतं तरी दुपारपर्यंत सहाही एकमेकींना चिकटून एका चौरस हातात उभ्या होत्या.

पाण्याचं अगदी दादांनी सांगितलं तसंच झालं. घंगाळभर पाणी समोर आणि चोची उघड्या टाकून धापा. सासूबाई म्हणाल्या, "अगो, तिका आधी पाणी दाखव." निप्पलची बादली टांगली तेव्हा चौघी लगेच प्यायल्या. दोघींची चोच बुडवावी लागली. आज सहाही भांड्यातून पिताहेत.

संध्याकाळी आपण होऊन आत जाणार नाहीत हे मला माहीत नव्हतं. अंधारलं तशा जिथे होत्या तिथेच बसल्या. एकेकीला उचलून आत ठेवलं. बसायला टांगलेली काठी तर त्यांच्या गावीही नाही.

उत्तनची_मावशी | ८ मार्च, दुपारी ३:००

आठ-दहा दिवस रोज उचलून ठेव. वेळ एकच, हाकही एकच. मी "बा बा बा" करते. काठी आधी वीतभर उंचीवर लाव, हाडं कच्ची आहेत, उंचावरून उडी मारली तर पाय मोडेल. दीड इंच जाडीची, कडा गोल केलेली.

आणि उघड्या कातडीला ऊन लागू देऊ नकोस, भाजते. सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर बाहेर. शेवग्याची सावली आहे ते बरं, पाला पण पुढे त्यांनाच होईल.

शेवग्याखाली | १७ मार्च, सकाळी ६:५०

बकुळा गेली.

परवा ती पेंग्विनसारखी ताठ उभी दिसली, पोट खाली लोंबलेलं. अंडं अडकलं असेल म्हणून कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवलं. जवळच्या दवाखान्यात फोन केला तर "कोंबडी? कापून टाका" म्हणाले. मी आधी विचारून ठेवायला हवं होतं, परळवासींनी सांगितलंही होतं. मग मालाडला एक डॉक्टर मिळाल्या, त्यांनी तपासलं, पोटातलं पाणी काढलं, औषध दिलं. अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडतो आणि तिथे सडतो, अंड्याच्या जातींमध्ये हे फार होतं, असं म्हणाल्या. पहाटे मुलीच्या मांडीवरच गेली.

अकरा दिवस मिळाले तिला. पहिल्यांदा मातीवर उतरली ती हीच.

शेडवाला_मावळ | १७ मार्च, सकाळी ८:०५

ताई, शेडमध्ये रोज सकाळी वहीत एक आकडा लिहितो. मरतुक असा रकाना असतो. आज लिहिताना तुमची बकुळा आठवली.

तुमचं काही चुकलं नाही. हा आजार ती आली तेव्हाच तिच्या पोटात असणार. बाकीच्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, मॅशमध्ये मिसळू नका, जिला लागेल ती खाईल.

परळवासी | १७ मार्च, सकाळी ९:४०

फार वाईट वाटलं. एकटीच आजारी होती आणि कारण कळलंय, तेव्हा तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, विहिरीपासून लांब. मुलीला शाळेत पाठवायची घाई करू नका.

शेवग्याखाली | २२ एप्रिल, दुपारी ४:००

उकाड्याने जीव जातोय. कोंबड्यांना घाम येत नाही, नुसत्या चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या असतात. दमट हवेत धापेनेही उष्णता बाहेर पडत नाही. जाळीवर ओली गोणपाटं टाकली आहेत, दुपारी दोनदा भिजवते. पाण्याचं मातीचं भांडं सावलीत, आठवड्यातून दोनदा इलेक्ट्रोलाइट. मॅश सकाळी सहाला आणि संध्याकाळीच, दुपारी खाल्लं की अंग आणखी तापतं. कलिंगडाची साल गार करून घातली तर पाचहीजणी तुटून पडतात.

आणि एक बातमी आहे. काल सासूबाईंनी चुलीची राख, समुद्राची धुतलेली वाळू आणि माती एकत्र करून जुन्या घमेल्यात ठेवली होती. तुरेवाली आली, वाकून बघितलं, आत बसली आणि अचानक कलंडली. मी किंचाळून धावले, मला वाटलं झटका आला. ती पंखाने राख अंगावर उडवत होती, डोळे मिटून. कोणी शिकवलं तिला? दीड वर्षात धुळीचा कण बघितला नव्हता. मुलगी घमेल्याशेजारी उकिडवी बसून तासभर बघत होती.

नीलमोहर | २२ एप्रिल, सायंकाळी ५:१५

हे वाचून डोळे भरले. माझ्या आधीच्या प्रश्नावर मी अजून ठाम आहे, पण या पाचजणींसाठी खूप आनंद झाला.

उत्तनची_मावशी | २५ मे, सकाळी ७:३०

पाऊस दाराशी आलाय, म्हणून आठवण करते. मॅशचं पन्नास किलोचं पोतं आता आणू नकोस. आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरते आणि मक्याच्या बुरशीचं विष यकृतावर जातं. पाच-दहा किलोच आण, झाकणाच्या पिंपात, फळीवर ठेव. गोळे झालेले दिसले, कुबट वास आला तर फेकून दे, हळहळू नकोस. तूस आताच भरून ठेव, जुलैत कोरडा मिळत नाही.

शेवग्याखाली | १९ जुलै, रात्री ९:१०

मावशी, तूस भरून ठेवला म्हणून निभावलं. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस होता, परसात घोटाभर पाणी. खुराडं पायांवर असल्याने आत थेंब नाही. कोंबड्या दारात ओळीने बसून पाऊस बघत होत्या.

मे महिन्यात सगळ्यांची उरलीसुरली पिसं झडली होती, अंडी पूर्ण बंद. आता नवी आलीत, पांढरी शुभ्र. तुरे लाल आणि ताठ. परवा तुरेवालीने अडीच महिन्यांनी अंडं घातलं, अळवाच्या पानाखाली. पाचही अंधार पडायच्या आधी स्वतः आत जातात, काठीवर चढून एकीला एक टेकून बसतात. मधली जागा मिळवण्यासाठी रोज भांडण.

शेजारच्या काकूंनी विचारलं, पुढची बॅच कधी निघते? त्यांच्याकडेही परसू आहे. वाड्याच्या मालकांना मामांनी विचारलं, त्यांची नवी बॅच अजून वर्षभर चालेल.

शेडवाला_मावळ | १९ जुलै, रात्री १०:२५

माझी बॅच दिवाळीनंतर निघते. काकूंना सांगा, दहा द्यायला तयार आहे. क्रेट आणि निप्पल माझ्याकडून, लसीची नोंद लिहून देतो. फक्त खुराड्याला कोणती जाळी लावली त्याचा फोटो आधी पाठवायचा.

उत्तनची_मावशी | २० जुलै, सकाळी ६:४५

दहा जास्त होतील, परसू केवढं आहे ते आधी मोजा. मी येत्या रविवारी एरंगळला येते, काकूंचं खुराडं बघून सांगते. येताना टेप आणते.